सभागृहाच्या पडवीत कोण बसतो?

(सिद्धेश्वर, जि. हिंगोली, येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे झालेले भाषण)



पूर्णेचे पाणी येलदरीला अडते, तेथून सिद्धेश्वरी येते आणि येथून कालव्याने शेतोशेती जाते. कोणाच्या शेतात किती पाणी जावे हे काही पाणी ठरवीत नाही. ते दरवाजाच्या चावीवर ठरते. चावीवाल्याशी ज्याची बोलाचाली, त्याची पाळी आधी लागते आणि टेलचा शेतकरी कोरड्या चारीकडे पाहत बसतो. हे तुम्हांस मी सांगावयास नको.

भावाचेही तसेच आहे. कापसाचा, सोयाबीनचा, हळदीचा भाव पावसावर आणि पिकावर ठरतो, असे आपण वाडवडिलांपासून समजत आलो. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे दिल्लीत, एका कागदावर ठरते. परदेशी माल देशात येताना त्यावर जकात किती घ्यावी, कोणता माल येऊ द्यावा, कोणता बाहेर जाऊ द्यावा, हे त्या कागदावर लिहिलेले असते. तो कागद लिहिणाऱ्याच्या शेजारी कोण बसलेले असते, इतकाच माझा आजचा विषय आहे.

इंग्रजीत लॉबी म्हणून एक शब्द आहे. लॉबी म्हणजे सभागृहाबाहेरची पडवी. सभासद आत जाताना आणि बाहेर येताना त्यास पडवीत गाठावे, आपले म्हणणे कानी घालावे, यावरून त्या धंद्यास लॉबिंग असे नाव पडले. आपल्याकडे यास कोणी शिफारस म्हणतो, कोणी वशिला म्हणतो. नाव काहीही द्या, रीत जुनी आहे. मालक लोक पडवीत बसतात, कुणबी घरी बसतो, आणि मग कायदा मालकाच्या सोयीचा झाला म्हणून कुणबी नशिबाला बोल लावतो.

ही रीत किती जुनी, ते पाहा. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली उभी राहू लागली. पुढे वीस वर्षांत गिरण्या वाढल्या, तशी विलायतेतल्या लँकेशायर परगण्यातल्या गिरणीवाल्यांच्या पोटात कळ उठली. हिंदुस्थानात जाणाऱ्या त्यांच्या कापडावर शेकडा ५ जकात होती. ती काढावी म्हणून मँचेस्टरच्या व्यापारी मंडळाने सरकारकडे अर्जांचा सपाटा लाविला. त्यांच्या मतांवर निवडून आलेले सभासद पार्लमेंटात होतेच. परिणाम काय झाला? १८७९ साली जाड्या कापडावरची जकात गेली आणि १८८२ साली उरलेलीही गेली. पुढे सरकारच्या तिजोरीत खडखडाट झाला, तेव्हा १८९४ साली जकात पुन्हा बसवावी लागली. पण लँकेशायरवाल्यांनी गप्प बसू दिले नाही. १८९६ साली विलायती कापडावर शेकडा साडेतीन जकात, आणि बरोबरीने येथल्या गिरणीच्या कापडावरही शेकडा साडेतीन कर! आपल्याच देशात विणलेल्या कापडास परक्याइतकाच कर. तो काढण्यास १९२६ साल उजाडले. सात समुद्रापलीकडचा गिरणीवाला पडवीत हजर होता. येथला विणकर आणि कापूस पिकविणारा हजर नव्हता. हाजीर तो वजीर, ही म्हण कोणी उगीच केली नाही.

याच कथेत दुसरीही एक गोष्ट आहे. मुंबईच्या गिरण्यांत बायका-पोरांस पहाटेपासून रात्रीपर्यंत राबवितात, त्यास कायद्याने आळा घाला, असा गिल्ला लँकेशायरवाल्यांनीच केला. त्यांस मजुरांचा कळवळा आला होता काय? थोडा कोणास आलाही असेल. परंतु मुंबईचा माल महाग पडावा हा हेतू त्यात लपून राहिला नाही. इकडे मुंबईचे मालक म्हणाले, आमच्या मजुरांस कायदा नकोच आहे, ते सुखी आहेत. दोघेही मजुरांच्या नावाने बोलत होते. मजुरास मात्र कोणी विचारीत नव्हते. १८८१ चा पहिला कारखाने कायदा झाला तो मुख्यतः मुलांपुरता; सात वर्षांखालच्या मुलांस कामावर लावू नये असे त्यात ठरले. मोठ्या बाई-बाप्याच्या कामाच्या वेळेला त्यात मर्यादा नव्हती.

तेव्हा मजुराच्या तोंडाने बोलणारा एक माणूस पुढे आला. नारायण मेघाजी लोखंडे हे त्यांचे नाव. जोतीराव फुल्यांचे ते सहकारी आणि दीनबंधूचे संपादक. १८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीस कमिशन नेमले. लोखंड्यांनी मजुरांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० मजुरांच्या सह्यांचा अर्ज त्या कमिशनकडे दिला. अर्जात मागणे काय होते? आठवड्यास एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, कामाच्या वेळेला मर्यादा, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि यंत्रात हात-पाय गेला तर भरपाई. मोघम रडगाणे एकही नाही. पाच कलमे, मोजून मापून. लगेच पदरात काही पडले नाही. पण लोखंड्यांनी पाठ सोडली नाही. १८९० च्या एप्रिलात मुंबईत सुमारे १०,००० मजूर सभेस जमले, त्या सभेत दोन बायाही बोलल्या, आणि त्याच वर्षी १० जून रोजी मालकांच्या संघाने आठवड्याची सुटी कबूल केली. आज कारखान्यातला मजूर आठवड्यास एक दिवस विसावा घेतो. त्या सुटीमागे ५,५०० सह्या आणि अंगठे आहेत.

या दोन गोष्टी मी इतक्या लांबवून सांगितल्या त्यास कारण आहे. पडवी कोणाच्या बापाची नाही. लँकेशायरचा मालक तेथे बसला, तसा परळचा मजूरही बसला. मागणे हा गुन्हा नव्हे. गुन्हा झाला तर दोनच ठिकाणी होतो: एक, चोरून मागितले तर, आणि दुसरा, थैली दाखवून मागितले तर.

आता आजच्या काळाकडे वळू. कापसाचा हिशेब पाहा. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने परदेशी कापसावर जकात बसविली; सर्व मिळून ती शेकडा ११ पडत होती. म्हणजे परदेशी कापूस बंदरात १०० रुपयांस पडला तर गिरणीवाल्यास तो १११ रुपयांस. मग तो येथल्या कापसास १०५, १०८ द्यावयास तयार होतो. जकात काढा, की त्याची बोली १०० वर आली. जकात म्हणजे कापसाच्या भावाखालचा टेकू होय. टेकू काढला म्हणजे छप्पर दर वेळी कोसळतेच असे नाही, पण खाली बसते.

सूतगिरण्यांचे आणि कापडवाल्यांचे दिल्लीत व कोइमतूरात मोठमोठे संघ आहेत. ही जकात काढा अशी मागणी त्यांनी बसविल्या दिवसापासून लावून धरली. एप्रिल २०२२ मध्ये ती काही महिन्यांपुरती माफ झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये फार लांब धाग्याच्या कापसावरची गेली. मग २०२५ साल आले. त्या वर्षी २८ मे रोजी सरकारने खरिपाचे हमीभाव जाहीर केले: मध्यम धाग्याच्या कापसास क्विंटलामागे ७,७१० रुपये, लांब धाग्यास ८,११०. तुम्ही तो आकडा ऐकून जूनमध्ये सरकी टोकली. १८ ऑगस्टला हुकूम निघाला की परदेशी कापसावरची सगळी जकात ३० सप्टेंबरपर्यंत माफ. दहा दिवसांत दुसरा हुकूम: मुदत ३१ डिसेंबरपर्यंत. आता दसरा-दिवाळी ते डिसेंबर म्हणजे आपल्या घरी पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा कापूस येण्याचे दिवस. पेरणी एका हिशेबाने केली आणि विक्रीच्या वेळी हिशेब दुसराच झाला!

गिरणीवाल्यांचीही बाजू आहे. ती दडवून ठेवणे बरे नव्हे. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या मालावर शेकडा ५० पर्यंत जकात बसविली. कापडाची निर्यात अडली. इचलकरंजीचा, मालेगावचा, भिवंडीचा मागवाला कारागीर आपलाच भाऊ आहे, आणि माग बंद पडला तर त्याच्या चुलीवर तवा चढत नाही. त्यास सूत स्वस्त मिळावे ही गोष्ट वावगी नाही. वावगे ते असे, की गिरणीवाल्याचे दुखणे वैद्याला वेळेवर कळले, आणि कुणब्याच्या खिशातून औषधाचे पैसे गेले. त्यास कोणी विचारले नाही. सरकारास मागवाल्यास मदत करावयाची होती तर खजिन्यातून करता आली असती. ती कापूसवाल्याच्या भावातून का व्हावी? हा प्रश्न त्या पडवीत कोणी तरी मोठ्याने विचारावयास हवा होता.

आणि हे होते कसे, तेही समजून घ्या. आपल्यास वाटते की कायदा म्हणजे पाचशे खासदार बसून, वाद घालून, हात वर करून करितात तो. पण १९६२ च्या कस्टम्स कायद्यात एक कलम आहे, २५ वे. लोकहितासाठी म्हणून सरकार एका अधिसूचनेने कोणत्याही मालाची जकात माफ करू शकते. आधी संसदेस विचारण्याचे कारण नाही. कागद मागाहून सभागृहाच्या मेजावर ठेवला म्हणजे झाले. तात्पर्य काय, तर तुमच्या खासदाराचे मत घेण्याच्या आधीच तुमच्या कापसाचा निकाल लागू शकतो. सबब व्यापारी संघ खासदाराकडे जातो तो जातोच, पण त्याहून अधिक खेपा खात्याच्या कचेरीत घालतो. त्याच्या पदरी पगारी माणसे असतात. रोज निघणारा प्रत्येक हुकूम ती वाचतात, आकड्यांचे तक्ते करितात, अर्थसंकल्पाच्या आधी दोन-तीन महिने अर्थमंत्र्यापुढे निवेदन ठेवितात. आपण मात्र हुकूम निघाल्यावर तालुक्याला रस्ता अडवितो. वरात गेल्यावर घोडे शृंगारावे तशातली गत!

सोयाबीनचे उदाहरण घ्या. २०२१ च्या जुलै-ऑगस्टात सोयाबीन क्विंटलास १०,००० च्या घरात गेले होते. कोंबड्या पाळणाऱ्या मोठ्या धंदेवाल्यांस पेंड महाग पडू लागली. त्यांचा संघ दिल्लीला गेला, आणि ऑगस्टातच १२ लाख टन परदेशी सोयापेंड आणण्यास परवानगी मिळाली. तेल गाळणाऱ्या कारखानदारांचा संघ इंदुरास आहे. त्याने उलट अर्ज केला. कोंबडीवाल्यांचा संघ एकीकडे, तेलवाल्यांचा दुसरीकडे. पेरणारा कोठे? नवा माल बाजारात आला तेव्हा भाव जवळजवळ निम्म्यावर होता. त्यात नव्या मालाची आवकही होती, सगळाच दोष पेंडेवर टाकीत नाही. परंतु सोयाबीनच्या भावावर दोन संघ भांडावेत आणि ज्याच्या वावरात ते उगवले त्याने बाजारच्या पाटीवर भाव वाचावा, हा न्याय कोणता?

कारागीर बंधूंनो, ही कथा कुणब्यांची आहे असे समजून तुम्ही मागे बसू नका. लहान कारखान्यांनीच करावयाच्या वस्तूंची एक राखीव यादी १९६७ साली सुरू झाली. वाढता वाढता ती आठशेवर गेली. लाकडी सामान सुताराचे, कुलपे व पोलादी भांडी लोहार-तांबटाची, बांगड्या कासाराच्या, शेंगदाण्याचे तेल तेल्याचे, असे त्या यादीत बरेच काही होते. बडे भांडवलवाले म्हणत, यादीने माल महाग होतो, काढून टाका. १९९७ साली आबिद हुसेन समितीनेही तसाच सल्ला दिला. मग दरसाल थोडी थोडी यादी कातरली गेली आणि एप्रिल २०१५ मध्ये शेवटच्या २० वस्तूही गेल्या. यादीत दोष नव्हते असे नाही. पण अठरा वर्षे कातर चालत होती, आणि सुताराच्या, कासाराच्या, तेल्याच्या आळीत किती जणांस तिचा आवाज ऐकू आला? आज बाजारात कारखान्याचे कपाट येते, आणि सुताराचा पोरगा ते जोडून देण्याच्या मजुरीवर जातो.

आता थैलीचे बोलू. कंपनीने राजकीय पक्षास देणगी द्यावयाची तर तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या शेकडा साडेसातपर्यंतच द्यावी, असा पूर्वी नियम होता. २०१७ साली तो बांध फोडण्यात आला, आणि २०१८ पासून निवडणूक रोखे निघाले. देणारा कोण, ते मतदारास कळू नये अशीच त्याची रचना. जानेवारी २०२४ पर्यंत सुमारे १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने रोखे आणि देणगीचा मोकळा बांध, दोन्ही घटनाबाह्य ठरविले व यादी उघड करविली. पैसा कोणत्याही एकाच पक्षाकडे गेला नव्हता, हे ध्यानात ठेवा. म्हणून हा पक्षापक्षाचा वाद नव्हे. घेणारे हात पुष्कळ होते.

अमेरिकेत १९९५ च्या कायद्याप्रमाणे, पैसे घेऊन सभासदांकडे शिफारस करणाऱ्याने नाव नोंदवावे लागते आणि खर्च जाहीर करावा लागतो. २०१२ च्या डिसेंबरात वॉलमार्ट कंपनीच्या अशा जाहीर हिशेबात हिंदुस्थानच्या बाजारात शिरण्याचा विषय निघाला, तेव्हा आपल्या संसदेत गदारोळ झाला आणि सरकारास चौकशी नेमावी लागली. म्हणजे आपल्या दारात कोण येऊन गेले ते आपल्यास अमेरिकेच्या वहीवरून कळले! अशी वही आपल्याकडे नाही. २०१३ साली एका खासदाराने तसे खासगी विधेयक आणले. त्याचा कायदा झाला नाही. मागणाराने उघड मागावे आणि त्याची नोंद व्हावी, ही मागणी आपण गावागावांतून केली पाहिजे. ज्याची मागणी सचोटीची आहे त्यास नोंदीचे भय कशाचे?

कोणी म्हणेल, "अहो, त्यांच्यापाशी पैसा आहे, विद्या आहे; आपण गरीब, आपले कोण ऐकणार?" त्यास मी शेजारचेच उदाहरण देतो. आपली हळद वसमतच्या आणि हिंगोलीच्या बाजारात जाते, तशी पलीकडे तेलंगणात निजामाबादचीही पेठ आहे. हळदीस हमीभाव नाही. निजामाबादचे शेतकरी वर्षानुवर्षे हळदीसाठी स्वतंत्र मंडळ मागत होते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांनी काय केले? १७० हून अधिक शेतकऱ्यांनी स्वतःच उमेदवारीचे अर्ज भरले. निवडून येण्याची आशा कोणास होती? कोणासही नव्हती. पण एका मतदारसंघात इतके उमेदवार पाहून साऱ्या देशाने विचारले, हे कशासाठी? उत्तर एकच होते, हळद. मग प्रत्येक पक्षास हळदीवर बोलावे लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळाची घोषणा झाली, आणि १४ जानेवारी २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले; त्याची कचेरी ठरली. कोठे? निजामाबादेत. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते भूषणच होय. पण मंडळाची कचेरी जेथे आवाज उठला तेथे गेली. मंडळाने सगळे दुःख सरेल असे मी म्हणत नाही. रडल्याशिवाय आईदेखील पाजीत नाही, हे मात्र खरे ठरले.

तर आता करावयाचे काय? पाच गोष्टी सांगतो.

पहिली, वही. प्रत्येक घरी पिकाचा जमाखर्च लिहा: बियाणे, खत, फवारणी, मजुरी, भाडे, आणि घरच्या बायामाणसांचे राबणेसुद्धा. दिल्लीचा कृषी खर्च व मूल्य आयोग हमीभावाची शिफारस करितो तो खर्चाच्या आकड्यांवरून. आपल्या राज्याचे आकडे राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडून गोळा होतात. आपल्यापाशी लिहिलेला आकडाच नसेल तर तो चूक आहे असे कोणत्या तोंडाने म्हणणार? घरातली शिकलेली सून किंवा मुलगी ही वही चांगली ठेवील.

दुसरी, वेळ. अर्थसंकल्प १ फेब्रुवारीस मांडतात. त्याचे बोलणे नोव्हेंबर-डिसेंबरात सुरू होते. खरिपाचा भाव पेरणीच्या तोंडी जाहीर होतो. त्याचे काम त्याआधी कित्येक महिने चालते. आपला अर्ज तेव्हा पोहोचला पाहिजे. पेरणी मृगात करावयाची असते हे तुम्हांस कोणी शिकवावे लागत नाही. अर्जाचाही मृग असतो.

तिसरी, ग्रामसभा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव करा: वेचणीच्या चार महिन्यांत कापसावरची जकात कमी करू नये, करावयाची तर शेतकऱ्यास भरपाई द्यावी. एक कलम, चार ओळी, सह्या आणि अंगठे. एक नक्कल खासदारास, एक आमदारास, एक दिल्लीच्या खात्यास. एका गावचा कागद टोपलीत जाईल. शंभर गावांचा गठ्ठा टोपलीत मावत नाही.

चौथी, विचारणा. २००५ च्या माहिती अधिकाराने दहा रुपयांत अर्ज करिता येतो. जकात माफ करण्यापूर्वी कोणकोणत्या संघांची निवेदने आली, त्यांच्या नकला मागा. दर वेळी मिळतीलच असे नाही. पण कोणी विचारीत आहे एवढे कळले तरी लिहिणारा हात जपून लिहितो. आणि खासदारास मत मागावयास आला म्हणजे विचारा: आमच्या कापसाविषयी सभागृहात आपण कोणता प्रश्न विचारला? तारीख सांगा.

पाचवी, जूट. कुणबी, माळी, धनगर, वंजारी, सुतार, लोहार, महार, मांग, मुसलमान असे वेगवेगळे अर्ज केलेत तर वेगवेगळेच फेटाळले जातील. मालकांचे संघ पाहा. धंद्यात ते एकमेकांचे गळे कापतात, पण जकातीच्या कागदावर सगळ्यांची सही एका ओळीत असते. एवढी अक्कल तरी त्यांच्यापासून उचलण्यास हरकत नाही.

बंधूंनो, १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी या मुलखावर निजामाचा अंमल होता. तेव्हा मागावयाचे तर हुजुराकडे अर्जी आणि कपाळ उंबऱ्यावर. आज तुमच्या हाती मत आहे, ग्रामसभा आहे, विचारण्याचा हक्क आहे. एवढे असूनही पडवीत आपली जागा रिकामी राहिली, तर तेथे जो बसला त्यास शिव्या देऊन काय उपयोग? गाव करी ते राव न करी. ठरावाच्या चार ओळी लिहिण्यास आज रात्रीच बसा, आणि येत्या ग्रामसभेत त्या वाचा. इतके बोलून मी आपली रजा घेतो.